जिनिंगच्या शेडमध्ये बसलेल्या बॅटऱ्या : मोटारहोमच्या हिवाळी मुक्कामाचे एक प्रकरण

मोटारहोम, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय केलेली गाडी, हिवाळ्यात बंद ठेवण्याची पद्धत मूळची थंड देशांतली आहे. बर्फ पडण्याआधी, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, गाडी उभी करायची आणि मार्च-एप्रिलमध्ये बाहेर काढायची असा तिकडचा क्रम असतो, आणि बॅटरी काढून घरात आणा, ती गोठू देऊ नका, हा तिकडच्या सल्ल्यांतला पहिला सल्ला असतो. खानदेशात एखादी मोटारहोम हिवाळाभर उभी राहते तेव्हा त्याचे कारण थंडी नसते. या प्रकरणात ते कारण कापूस होते.

चोपडा तालुक्यातील एका कुटुंबाचा जिनिंग-प्रेसिंगचा व्यवसाय आहे. दिवाळीच्या सुमारास कापसाची आवक सुरू होते आणि महाशिवरात्रीपर्यंत खरेदी, जिनिंग, गाठी आणि सरकीची विक्री यांतून घरातल्या कोणालाही डोके वर काढायला फुरसत मिळत नाही. कुटुंबप्रमुखांना सगळे अप्पा म्हणतात, म्हणून येथेही तेच संबोधन वापरले आहे. त्यांना फिरण्याची हौस मोठी. एका डिझेल ट्रॅव्हलर गाडीत त्यांनी पलंग, ओटा, फ्रीज आणि पाण्याची टाकी बसवून घेतली आहे. मात्र त्यांचा फिरण्याचा काळ होळीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंतचा. शेताशेतांत भरिताच्या पंगती बसतात ते खानदेशातले सर्वांत सुखाचे महिने गाडीने शेडमध्ये काढायचे आणि पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की रस्त्यावर यायचे, असा हा उफराटा हंगाम आहे.

गाडीत बॅटऱ्यांचे दोन स्वतंत्र संच आहेत. इंजिनला सेल्फ मारण्यासाठी १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची (म्हणजे ढोबळमानाने एक अँपिअर करंट शंभर तास पुरवेल एवढी) साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी पुढे आहे. मागच्या पलंगाखालच्या पेटीत, घराघरांतल्या इन्व्हर्टरला असतात तशा, १५० अँपिअर-तासांच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या समांतर जोडलेल्या आहेत, म्हणजे १२ व्होल्टवर एकूण ३०० अँपिअर-तास. दिवे, पंखे, फ्रीज, पाण्याचा पंप आणि छोटा इन्व्हर्टर हे सारे या मागच्या संचावर चालते. इंजिन चालू असताना एका रिलेमार्फत अल्टरनेटरचा करंट मागे पोचतो, आणि टपावर १६० वॅटचे दोन सोलर पॅनेल आहेत.

अप्पांनी दिवाळीनंतर गाडी उभी करताना हयगय केली नव्हती. इन्व्हर्टरच्या दुकानातून चार्जर आणून मागच्या बॅटऱ्या रात्रभर चार्जिंगला लावल्या, डिस्टिल्ड वॉटर भरले, गाडी धुऊन जिनिंगच्या आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये आणली आणि थंडीच्या बंदोबस्तासाठी दोन्ही बॅटऱ्यांवर घरातली एक जुनी गोधडी गुंडाळली. महाशिवरात्रीच्या सुमारास गाडी काढायला गेले तेव्हा सेल्फ नुसती टकटक करून थांबली, आतले दिवे लागले नाहीत, आणि ड्रायव्हरने निकाल सांगून टाकला, “अप्पा, बॅटरी बसी गयी.” तपासणीसाठी हे प्रकरण माझ्याकडे आले ते या टप्प्यावर.

संशय पुतण्यावर

घरातल्यांच्या मते गुन्हेगार ठरलेला होता. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते आणि तिथला घोडेबाजार दूरदूरपर्यंत प्रसिद्ध आहे. हंगामातले दोन दिवस चोरून पुतण्या मित्रांसह हीच गाडी घेऊन तिकडे गेला होता आणि दोन रात्री गाडीतच राहिला होता. त्याने दिवे, पंखे, टीव्ही वापरून बॅटरी संपवली आणि परत आल्यावर कोणाला न सांगता गाडी तशीच लावून दिली, असा सरळ निष्कर्ष काढला गेला होता. पुतण्याने गाडी नेली होती आणि आल्यावर बॅटरी चार्जिंगला लावली नव्हती, एवढे खरेच होते.

मात्र त्याच्याशी सविस्तर बोलताना एक गोष्ट पुढे आली, जी घरात कोणी विचारलीच नव्हती. यात्रेत दुसऱ्या रात्री मध्यरात्रीनंतर फ्रीज आपोआप बंद पडला होता. अशा १२ व्होल्टच्या कॉम्प्रेसर फ्रीजमध्ये बॅटरीचे व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली गेले की तो स्वतःच बंद होण्याची सोय असते. उन्हाळ्यात याच बॅटऱ्यांवर याच सामानासह दोन-तीन रात्री आरामात निघत होत्या. दिवाळीला रात्रभर चार्ज केलेल्या बॅटऱ्या दीड महिन्यानंतर दोन रात्रीही पुरल्या नसतील, तर यात्रेला निघतानाच त्या बऱ्याच उतरलेल्या होत्या, असा त्याचा अर्थ होतो. पुतण्याला सोडवण्याचा हेतू नव्हता, पण तपासाची दिशा तिथून बदलली.

मापे

मागच्या संचाचे एकत्रित व्होल्टेज ९.१ होते. समांतर जोडलेल्या बॅटऱ्यांवर घेतलेला आकडा दोन्हींचा मिळून एकच येतो, त्यामुळे त्यातली चांगली कोणती आणि गेलेली कोणती हे कळत नाही. म्हणून मधल्या पट्ट्या सोडवून दोन्ही वेगळ्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजल्या. पहिलीवर १०.८ आणि दुसरीवर ८.७ व्होल्ट आढळले. फरक २ व्होल्टच्या आसपास असणे लक्षणीय होते, कारण बॅटरीत सहा सेल असतात आणि प्रत्येक सेल साधारण २ व्होल्टचा असतो. दुसऱ्या बॅटरीतला एक सेल गेला असावा, हा अंदाज इथेच आला.

मग ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत अ‍ॅसिड किती जड आहे, ती पाहिली. आपल्याकडच्या ट्यूब्युलर बॅटरीत पूर्ण चार्ज झालेल्या अ‍ॅसिडची ग्रॅव्हिटी २७ अंश सेल्सिअसला १.२४० च्या जवळ धरतात. दोन्ही बॅटऱ्यांच्या एकाही सेलमध्ये हायड्रोमीटरचा तरंगा वर आला नाही. काचेच्या नळीत तो तळाशी जाऊन बसला, म्हणजे अ‍ॅसिड इतके पातळ झाले होते की मोजपट्टीचा सर्वांत खालचा १.१०० हा आकडासुद्धा गाठला जात नव्हता. दुसऱ्या बॅटरीच्या तिसऱ्या सेलमधले द्रव तर पाण्यासारखे दिसत होते. पुढच्या, म्हणजे सेल्फच्या बॅटरीवर ११.६ व्होल्ट होते.

यानंतरचे माप सर्वांत महत्त्वाचे ठरले. गाडीतले सारे बंद केले असता बॅटरीतून किती करंट जातो, ते पाहायचे होते. त्यासाठी तात्पुरती एक चांगली बॅटरी जोडून, निगेटिव्हची वायर सोडवून, तिच्या मार्गात मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर घातला. (चिमट्याचा मीटर इथे वापरण्याचा मोह टाळलेला बरा, इतक्या बारीक डीसी करंटला त्यातले साधे मीटर विश्वासाचे नसतात.) दरवाजे बंद करून अर्धा तास थांबावे लागते, कारण गाडीतले काही इलेक्ट्रॉनिक भाग झोपी जायला वेळ घेतात. मग एकेक फ्यूज काढत गेल्यावर हिशेब उलगडला. स्वयंपाकाच्या गॅसची गळती ओळखणारा अलार्म ८५ मिलिअँपिअर घेत होता. समोरचे बटण बंद असलेला इन्व्हर्टर ३०, टाकीची पातळी आणि व्होल्टेज दाखवणारा पॅनेल पायरीच्या दिव्याच्या सेन्सरसह ३०, आणि पॅनेलचा करंट आवरून बॅटरीला देणारा सोलर कंट्रोलर स्वतः १५. बेरीज १६०.

१६० मिलिअँपिअर ऐकायला काहीच नाही. मोबाइलचा साधा चार्जरसुद्धा याहून किती तरी जास्त देतो. पण तो करंट चोवीस तास वाहतो. दिवसाला ३.८४ अँपिअर-तास, महिन्याला सुमारे ११५. त्यात बॅटरीची स्वतःची उतरंड मिळवली पाहिजे: ट्यूब्युलर बॅटरी काहीही न जोडता नुसती ठेवली तरी महिन्याला काही टक्के उतरते, आणि ३०० अँपिअर-तासांच्या संचात ती १०-१५ धरायला हरकत नाही. म्हणजे पूर्ण भरलेला संच सुमारे पाच आठवड्यांत निम्मा होतो आणि दहा आठवड्यांत संपतो. दिवाळी ते महाशिवरात्र हे अंतर सोळा आठवड्यांच्या घरात जाते.

दत्तजयंतीपर्यंत या हिशेबाने १९० च्या आसपास अँपिअर-तास गेलेले होते. वाटेत अल्टरनेटरने थोडी भर घातली. यात्रेत गाडी झाडांच्या सावलीत उभी होती आणि पॅनेलवर कापसाच्या तंतूंचा थर बसलेला होता, त्यामुळे सोलरचा उपयोग नाममात्र झाला. परतीच्या प्रवासात पुन्हा थोडी भर पडली. आकडे मांडले तर पुतण्याच्या यात्रेमुळे बॅटऱ्या पूर्ण उतरण्याचा दिवस फार तर दोन आठवडे अलीकडे आला. तो गेला नसता तरी त्या उतरणारच होत्या, आणि महाशिवरात्रीपर्यंत सहाएक आठवडे तशाच पडून राहणार होत्या.

सेल्फच्या बॅटरीचा हिशेब असाच, फक्त लहान. तिच्यावर ट्रॅकर आणि गाडीचे स्वतःचे इलेक्ट्रॉनिक भाग मिळून ५० मिलिअँपिअर जात होते, जे वावगे मानले जात नाही. रोज वापरातल्या गाडीत ते जाणवतही नाही. यात्रेहून आल्यानंतरच्या दहा आठवड्यांत त्याचे ८४ अँपिअर-तास झाले, आणि बॅटरी १०० चीच होती.

उतरणे आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहणे

नुकसान नेमके कशाने झाले, हे इथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. लेड-अ‍ॅसिड बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर लेड सल्फेट तयार होते. ती तिची नेहमीचीच क्रिया आहे, आणि लगेच चार्ज केल्यास ते बारीक सल्फेट पुन्हा मूळ पदार्थांत बदलते. परंतु बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली, तर त्या बारीक कणांचे जाड, कठीण स्फटिक होतात आणि मग चार्जरचा करंट त्यांना सहजी विरघळवू शकत नाही. ट्यूब्युलर बॅटरी उंच असल्याने तिच्यात आणखी एक अडचण असते: जड अ‍ॅसिड तळाशी आणि हलके वर असे थर पडतात, त्यामुळे प्लेटांच्या खालच्या भागाचे नुकसान अधिक होते. पूर्ण चार्जिंगच्या अखेरीस जे बुडबुडे येतात, त्यांनी अ‍ॅसिड ढवळले जाते. पण ते होण्यासाठी चार्जिंग अखेरपर्यंत न्यावे लागते. दिवाळीतले रात्रभराचे चार्जिंग तिथवर पोचले होते की नाही, हे त्या वेळी कोणी ग्रॅव्हिटी पाहिलेली नसल्याने आता ठरवता येत नाही.

दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या करून कमी करंटवर, म्हणजे ७-८ अँपिअरवर, दीर्घकाळ चार्ज केल्या. शेवटी व्होल्टेज १५.५ च्या वर जाऊ दिले आणि मधूनमधून तापमान तपासले. हे काम गाडीच्या बाहेर, उघड्या जागेत आणि गाडीच्या सर्व वायरी सोडवूनच करायचे असते, कारण इतके व्होल्टेज गाडीतल्या उपकरणांना सोसत नाही. पहिल्या बॅटरीचे सहाही सेल १.२३० च्या पुढे आले. दुसरीचे पाच सेल १.२१५ ते १.२२५ च्या दरम्यान थांबले आणि तिसरा सेल १.१४० वरून हलला नाही. १५ अँपिअरच्या लोडवर पहिली बॅटरी सहा तासांहून थोडी अधिक टिकली, म्हणजे तिची क्षमता दोन तृतीयांशांच्या आसपास उरली होती. दुसरी तीन तासांच्या आत कोसळली. सेल्फची बॅटरी मात्र चार्ज झाली आणि तिच्यात दोष आढळला नाही. ती अगदी तळाला गेली नव्हती, हे तिचे नशीब.

या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्यांना पुन्हा समांतर जोडण्यात अर्थ नव्हता. खराब सेल असलेली बॅटरी शेजारच्या चांगल्या बॅटरीतून अहोरात्र करंट ओढत राहते, आणि दुसऱ्याच हिवाळ्यात दोन्ही बाद होतात.

गोधडी, लाकडी फळी आणि थंडीचा धसका

गोधडी काढली तेव्हा तिला दोन ठिकाणी रुपयाएवढी भोके पडलेली होती आणि भोकांच्या कडा तपकिरी होऊन हाताने चुरत होत्या. चार्जिंग संपल्याबरोबर, झाकणांतून अ‍ॅसिडचे तुषार येत असतानाच ती गुंडाळली होती, आणि सुती कापडाचे गंधकाम्ल जे करते तेच झाले होते. शिवाय ओलसर कापड एका टर्मिनलपासून दुसऱ्यापर्यंत पसरलेले होते, म्हणजे थोड्या करंटला तेवढी एक वाट अधिक मिळालेली होती. बॅटरी स्वतः उष्णता निर्माण करत नसल्याने पांघरुणाने ती गरम राहत नाही, ही गोष्ट वेगळीच.

थंडीचा धसका कुठून आला, हे समजण्यासारखे आहे. पूर्ण उतरलेल्या बॅटरीतले पातळ अ‍ॅसिड उणे ८ ते १० अंशांच्या आसपास गोठू शकते आणि गोठल्यावर प्लेटा वाकतात, डबा तडकतो. ज्या देशांत हिवाळी रात्री सहज उणे १५ ला जातात, तिथे हा धोका खरा आहे. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीचे अ‍ॅसिड मात्र उणे ४० अंशांच्याही खाली गोठत नाही, हे त्या सल्ल्याचे उत्तरार्धातले वाक्य वाचायचे राहून जाते. आपल्याकडे डाब-तोरणमाळ भागात एखाद्या पहाटे दव गोठल्याची बातमी येते आणि जळगाव-धुळ्यात किमान तापमान १० अंशांखाली गेले की शेकोट्या पेटतात, पण बॅटरीच्या दृष्टीने हे हवामान ती ठेवण्यासाठी जवळजवळ आदर्श आहे. उणेतल्या रात्री खानदेशात नाहीत, आणि गारव्यामुळे बॅटरीची स्वतःची उतरंड उलट मंदावते.

खरा शत्रू होळीनंतर येतो. तापमान दर १० अंशांनी वाढले की स्वतः उतरण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. पत्र्याच्या शेडमध्ये, बंद गाडीत, पलंगाखालच्या पेटीत एप्रिलच्या दुपारी काय तापमान असते, ते हात घालून पाहिले म्हणजे मीटरची गरज राहत नाही. त्यामुळे एखाद्या वर्षी हंगाम लांबला आणि गाडी चैत्रातही उभी राहिली, तर हिवाळ्याचे वेळापत्रक तसेच पुढे चालवून भागणार नाही.

बॅटरी सिमेंटच्या फरशीवर ठेवली की उतरते, म्हणून खाली लाकडी फळी हवीच, असा आग्रह अप्पांनी तपासणीच्या वेळी धरला होता. जुन्या काळच्या रबरी डब्यांच्या बॅटऱ्यांच्या बाबतीत त्यात तथ्य असेल. आजच्या प्लॅस्टिकच्या डब्यांना फरशीने काही होत नाही. फळी ठेवली म्हणून बिघडतही नाही, त्यामुळे तो वाद वाढवला नाही.

शेडचा प्रश्न

टपावर ३२० वॅटचे सोलर असताना बॅटऱ्या उपाशी मराव्यात, हा या प्रकरणातला सर्वांत चुटपुट लावणारा भाग आहे. हिवाळ्यातही खानदेशात ऊन स्वच्छ असते; पॅनेल सपाट बसवलेले असले तरी उघड्यावर उभ्या गाडीला त्यांतून दिवसाला ६०-७० अँपिअर-तास सहज मिळाले असते, आणि गरज होती सुमारे ४.३ ची. एकच पॅनेल, तेही धुळीने निम्मे झाकलेले, पुरून उरले असते. गाडीला संरक्षण म्हणून दिलेल्या पत्र्याने तिचे एकमेव अन्न तोडले.

गाडी शेडमध्येच ठेवून तिथे चार्जर लावायचा, हा पर्याय अप्पांनी लगेच सुचवला. तो मी स्पष्टपणे नाकारला, आणि या मुद्द्यावर तडजोड नसावी. लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. जिनिंगच्या आवारात हवेत आणि तुळयांवर कापसाचे तंतू असतात, शेजारी रुईचे ढीग असतात, आणि चार्जरचा चिमटा टर्मिनलवर लावताना-काढताना ठिणगी पडणे ही रोजची बाब आहे. जिथे बिडी पेटवायलाही मनाई असते, तिथे राखण करायला कोणी नसताना रात्रभर चार्जर चालू ठेवणे हा आगीला दिलेला आवतणच म्हणायचा. कुठल्याही जागी चिमटे आधी लावावेत आणि मेन स्विच नंतर चालू करावा, काढताना आधी स्विच बंद करावा, हा नियम आहेच. पण जिनिंगमध्ये तो पुरेसा नाही.

दुसरा पर्याय बॅटऱ्या काढून बंगल्यावरच्या खोलीत नेण्याचा होता, जो परदेशी सल्ल्यातही असतो. १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी अ‍ॅसिडसह पन्नास किलोंच्या वर भरते. पलंग उचकटून, दोन माणसांनी वाकून ती बाहेर काढायची आणि पुन्हा बसवायची, हे काम दरवर्षी होईल यावर माझा विश्वास नव्हता. जी पद्धत दुसऱ्याच वर्षी कंटाळ्याने सोडून दिली जाईल, ती कागदावर कितीही शुद्ध असली तरी उपयोगाची नाही.

म्हणून ठरले ते असे. गाडी दिवाळी ते महाशिवरात्र शेडबाहेर, आवाराच्या दक्षिणेकडच्या मोकळ्या पट्ट्यात, रुईच्या ढिगांपासून लांब आणि झाडांच्या सावलीबाहेर उभी राहील; टपावरचे पॅनेल आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसले जातील. होळीनंतर गाडी उभी राहायची वेळ आलीच, तर ती सावलीत हलवायची. मागच्या संचाच्या निगेटिव्हवर ट्रकवाले लावतात तसा भक्कम कट-ऑफ स्विच बसवला, ज्याने सर्व उपकरणे एका झटक्यात तुटतात. सोलर कंट्रोलर मात्र त्या स्विचच्या अलीकडे, वेगळ्या फ्यूजमधून थेट बॅटरीला जोडला, नाहीतर स्विच बंद होताच सोलरही तुटले असते. कंट्रोलर पुन्हा जोडताना आधी बॅटरी आणि मग पॅनेल, हा क्रम इलेक्ट्रिशियनने पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवला आहे. कंट्रोलरची सेटिंग पाण्याच्या, म्हणजे वरून पाणी भरावे लागते अशा, बॅटरीसाठीची केली आणि त्याचा तापमानाचा सेन्सर बॅटरीच्या अंगाला चिकटवला, कारण दर अंशामागे चार्जिंगचे व्होल्टेज थोडे कमी-अधिक व्हायला हवे असते. १२ व्होल्टच्या बॅटरीत हा फरक अंशामागे २० ते ३० मिलिव्होल्ट धरतात, आणि डिसेंबरची पहाट व मार्चची दुपार यांच्यात तो अर्ध्या व्होल्टच्या पुढे जाऊ शकतो.

गॅसचा अलार्म तोडणे अप्पांना पटत नव्हते, आणि ते योग्यच होते. सिलिंडर गाडीत असेल तर अलार्म चालूच हवा. म्हणून कट-ऑफ स्विच फिरवण्याआधी सिलिंडर उतरवून घरी नेणे ही पहिली पायरी ठरली. तो उतरला की अलार्मला राखायला काही उरत नाही.

नव्या बॅटऱ्यांचा निर्णय

बाद झालेली बॅटरी दुकानात परत देऊन नवीवर सूट घेतली. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत जमा होणे अपेक्षितच आहे, आणि शिशाला भाव असल्याने ती भंगारवाल्याकडे जाण्यापेक्षा दुकानात जाणे सर्वांच्या सोयीचे असते. दोन तृतीयांश क्षमता उरलेली पहिली बॅटरी जिनिंगच्या ऑफिसातल्या इन्व्हर्टरला लावली. गाडीसाठी नवा संच घ्यायचा होता. जुन्या बॅटरीशेजारी एक नवी समांतर जोडण्याचा काटकसरी विचार पुढे आला होता, पण वरच्याच कारणाने तो सोडावा लागला.

माझा कल लिथियम फॉस्फेट बॅटरीकडे होता. २०० अँपिअर-तासांची अशी बॅटरी पंचवीस किलोंच्या आसपास भरते, ती महिन्याला २-३ टक्केच उतरते, आणि तिला साठवणीत पूर्ण भरून ठेवायचे नसते. निम्मी भरून, सर्व काही तोडून, थंड जागी ठेवली तर हिवाळा कसा गेला हे तिला कळतही नाही. तिच्या आत बसवलेले संरक्षक सर्किट मात्र स्वतः थोडा करंट घेते, आणि बॅटरी फार उतरल्यास ते टर्मिनल बंद करून टाकते. मग मीटर शून्य दाखवतो आणि साधा चार्जर तिला ओळखत नाही. शून्य अंशाखाली ती चार्ज करता येत नाही, आणि बहुतेकींना ४५ अंशांच्या वरचे चार्जिंगही मानवत नाही. अप्पा नेमके एप्रिल-मे मध्ये फिरतात, कधी भुसावळच्या उन्हातून निघून हिमाचलच्या थंडीत पोचतात, आणि अल्टरनेटरसाठी वेगळा चार्जर, नवा सोलर कंट्रोलर असा खर्चही वाढत होता. चोपड्यात किंवा जळगावात कोणत्याही दुकानदाराला जिची नाडी कळते अशीच बॅटरी त्यांना हवी होती. त्यांनी एकाच बनावटीच्या, एकाच महिन्याच्या दोन नव्या ट्यूब्युलर बॅटऱ्या घेतल्या. त्यांच्या वापराचा विचार करता मला तो निर्णय चुकीचा म्हणता येत नाही.

पुढचा हिवाळा

दिवाळीनंतर बॅटऱ्या ग्रॅव्हिटी सलग तीन तास स्थिर राहीपर्यंत चार्ज केल्या. पाणी चार्जिंगनंतर भरले. आधी भरले तर चार्जिंगमध्ये द्रव वाढून अ‍ॅसिड बाहेर येते, प्लेटा उघड्या पडल्या असतील तेव्हाच आधी थोडे घालायचे. डबे खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून कोरडे केले, झाकणांत सोडा जाणार नाही याची काळजी घेतली, टर्मिनलला व्हॅसलिन लावले. सिलिंडर उतरला, स्विच फिरला, गोधडी घरातच राहिली.

मोजमापाचे काम पुतण्याने अंगावर घेतले. त्याने महिन्यातून एकदा पहाटे, पॅनेलवर ऊन येण्याआधी, मागच्या संचाचे व्होल्टेज वहीत टिपून ठेवले; ऊन आल्यावर किंवा चार्जिंगनंतर लगेच मोजले तर आकडा उगीच चढा येतो. विश्रांतीनंतर १२.५ च्या आसपास किंवा वर म्हणजे भरलेली, १२.४ च्या खाली गेली तर चार्जिंगला लावायची, एवढेच त्याला सांगितले होते. पहाटेच्या गारव्यात घेतलेली ग्रॅव्हिटी थोडी जास्त दिसते, दर १० अंशांना ०.००७ इतकी, हे त्याने विचारल्यावर सांगितले. असा प्रश्न विचारणारा माणूस वही नीट ठेवतो. त्या हिवाळ्यात आकडा १२.६ च्या खाली आला नाही. सोलर रोज चालत असल्याने पाणी मात्र कमी झाले आणि जानेवारीत एकदा भरावे लागले. पॅनेलच्या भरवशावर ठेवलेल्या पाण्याच्या बॅटरीत हे गृहीतच धरावे. महाशिवरात्रीला फ्रीज, दिवे, पंप सारे पहिल्या झटक्यात चालू झाले.

सेल्फच्या बॅटरीचा बंदोबस्त अजून अर्धवट आहे. ट्रॅकर बंद करणे विम्याच्या आणि चोरीच्या भीतीने अप्पांना नको आहे, त्यामुळे त्या हिवाळ्यात ड्रायव्हरने दर पंधरवड्याला गाडी काढून महामार्गापर्यंत फेरी मारली. जागेवर दहा मिनिटे इंजिन चालवण्यापेक्षा हे चांगले, कारण जागेवरच्या त्या दहा मिनिटांत सेल्फने घेतलेला करंट कसाबसा भरून निघतो. यंदा मागच्या संचातून पुढच्या बॅटरीला बारीक करंट देणारे छोटे उपकरण बसवायचे ठरले आहे. मात्र त्याची वायर इंजिनच्या बाजूने न्यायची आहे आणि तिला दोन्ही टोकांना फ्यूज हवा, हे गॅरेजवाल्याला पटेपर्यंत ते काम थांबवून ठेवले आहे.